दातांची सफाई : कोणी करावी, कोणाकडून करू नये



गळीत हंगामात आपल्या कारखान्यात रस आटवणाऱ्या संचाच्या नळ्यांना आतून क्षारांचा थर बसतो. वाफ जास्त लागते, काम मंदावते. म्हणून ठरावीक दिवसांनी संच थांबवून नळ्या साफ करतात. बंद पडायची वाट कोणी पाहत नाही. दातांच्या बाबतीत मात्र आपण तीच वाट पाहतो.

दातांवर रोज चिकट थर धरतो. तो ब्रशने निघतो. राहिला, तर लाळेतील क्षार त्यात बसून टणक कीटण होते. ते ब्रशला दाद देत नाही. त्याच्या आडोशाने जंतू हिरडीखाली उतरतात, रक्त येते, पुढे हाड झिजते आणि न किडलेला दातही हलू लागतो. मधुमेह व तंबाखूने हे लवकर होते. मिसरी ही तंबाखूच, हे आमच्या भगिनींनी ध्यानात घ्यावे.

जांबे, नेरे, मारुंजीकडे बोलणे निघाले की ऐकू येते, "दात साफ केले की ढिले होत्यात." तसे नाही. हाड आधीच झिजलेले असते, कीटणाने ते झाकलेले असते. नुसत्या लिंपणावर उभी असलेली भिंत आपण धड समजतो, तसलाच हा प्रकार. सफाईनंतर फटी जाणवतात, थोडे दिवस गार पाणी झोंबते, एवढेच.

हे काम दंतवैद्याचे, किंवा डेंटल हायजिनिस्टचे. अमेरिकेत 1906 साली डॉ. आल्फ्रेड फोन्स यांनी आपल्या मदतनीस आयरीन न्यूमन यांना हे शिकवले, तिथून हा पेशा निघाला. आपल्याकडे 1948 च्या दंतवैद्यक कायद्याने त्याची व्याख्या केली : कीटण काढणे, दात स्वच्छ व गुळगुळीत करणे, निगेची माहिती देणे. दात काढणे किंवा भरणे त्यात बसत नाही; तसे कोणी करू लागला तर सरळ उठून यावे. असे प्रशिक्षित लोक आपल्याकडे थोडे, त्यामुळे बहुधा दंतवैद्यच सफाई करतात.

बाजारात बाटलीतले आम्ल चोळून दात पांढरे करून देणाऱ्यापुढे तोंड उघडू नये. दाताचे कवच विरघळले की पुन्हा येत नाही.

दवाखान्यात राज्य दंत परिषदेच्या नोंदणीचे प्रमाणपत्र पाहावे, हत्यारे वाफेवर निर्जंतुक केली का ते विचारावे. त्यात लाजायचे काय? रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असतील किंवा हृदयाची झडप बदललेली असेल, तर खुर्चीत बसण्याआधीच ते सांगावे.