मनाला लावून घेतलं की आजार येतो?

प्रश्न : माझी मुलगी बारावीला आहे. परीक्षा जवळ आली की तिचं तोंड येतं, पाठोपाठ सर्दी. सासूबाई म्हणतात, ‘मनाला फार लावून घेते, म्हणून होतं.’ मनाचा आणि रोगप्रतिकारशक्तीचा खरंच काही संबंध असतो का? – एक वाचक, सांगली

उत्तर : असतो. सासूबाईंचं म्हणणं तर अगदी तोंडातच तपासून झालं आहे! अमेरिकेतल्या ओहायो राज्यात दंतवैद्यकाच्या ११ विद्यार्थ्यांच्या टाळूवर दोनदा सारख्याच मापाची बारीक जखम केली गेली : एकदा उन्हाळ्याच्या सुटीत, एकदा परीक्षेच्या तीन दिवस आधी. परीक्षेच्या वेळची जखम भरायला सरासरी तीन दिवस जास्त लागले. हे संशोधन १९९८चं. सर्दीचंही तसंच. इंग्लंडमध्ये ३९४ निरोगी माणसांच्या नाकात सर्दीचे विषाणू घालून पाहिले गेले, त्याचे निष्कर्ष १९९१मध्ये प्रसिद्ध झाले. ज्यांच्या मनावर सर्वांत कमी ताण होता त्यांच्यापैकी सुमारे २७ टक्क्यांना सर्दी झाली. सर्वाधिक ताण असलेल्यांपैकी सुमारे ४७ टक्क्यांना.

हे घडतं कसं? धास्ती घेतली की मेंदूतल्या हायपोथॅलॅमसकडून पिच्युटरी ग्रंथीला आणि तिच्याकडून मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथींना निरोप जातो. त्या कॉर्टिसोल हे संप्रेरक रक्तात सोडतात. शरीरात दाह भडकवणारी रसायनं तयार होण्याला कॉर्टिसोल आवर घालतं. जखम भरायची सुरुवात मात्र दाहानेच होते, तिथेच उशीर लागतो. दुसरा रस्ता सरळ मज्जातंतूंचा. प्लीहेत, लसिकाग्रंथींत मज्जातंतू थेट पोचलेले असतात आणि तिथल्या पांढऱ्या पेशींवर त्यांची रसायनं ओळखणारे ग्राहक असतात.

पण ताण आला की प्रतिकारशक्ती ढासळलीच, असं सरसकट म्हणणं चूक. काही मिनिटांच्या भीतीने उलट पांढऱ्या पेशी प्लीहेतून रक्तात उतरतात, जणू मारामारीची तयारीच. नडतो तो आठवडेच्या आठवडे चालणारा ताण, आणि बारावीचं वर्ष त्यात नेमकं बसतं. कॉर्टिसोललाही खलनायक ठरवू नका. त्याच्याच जातीचं कॉर्टिसोन १९४८मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये संधिवाताच्या रुग्णाला दिलं, तेव्हा अंथरुणाला खिळलेलं माणूस काही दिवसांत चालू लागलं. या कामासाठी १९५०चं नोबेलही मिळालं. आज आपण ज्यांना ‘स्टेरॉइड’ म्हणून घाबरतो, ती औषधं याच घराण्यातली.

तेव्हा ‘इम्युनिटी’ वाढवणाऱ्या बाटल्यांवर पैसे घालू नका. मुलीला रात्री पुरेसं झोपू द्या. मात्र सगळं खापर परीक्षेवर फोडूनही चालणार नाही. लोह किंवा बी-१२ कमी असलं तरी तोंड येतं. परीक्षा नसतानाही हा त्रास होत असेल, किंवा एखादा फोड तीन आठवड्यांत भरला नाही, तर डॉक्टरांना दाखवा.