आधी गावाला विचार, मग प्रकल्प आख

अगं, तुझ्या संख्याशास्त्राच्या वर्गाला दोन क्रेडिटचा समाजसहभागाचा प्रकल्प करायचाय आणि त्यासाठी तू मुळशी तालुक्यातलं माण गाव निवडलंस, हे ऐकून फार बरं वाटलं. आता मोठ्या बहिणीच्या हक्कानं चार गोष्टी सांगते.

याला राष्ट्रीय सेवा योजनेचं शिबिर समजू नकोस. १९६९ पासून चालत आलेल्या एनएसएसचं मोल मोठंच आहे. दोन वर्षांत २४० तास काम आणि सात दिवसांचं शिबिर, यातून कितीतरी मुलांना पहिल्यांदा गाव कळतं. पण ते काम अभ्यासाच्या जोडीनं चालतं. तुझं काम अभ्यासाच्या पोटातच हवं. आयआयटी मुंबईत १९८५ पासून सितारा नावाचं केंद्र आहे. तिथली मुलं गावची नळपाणी योजना नीट का चालत नाही हे गावात जाऊन शोधतात, आणि तोच त्यांचा अभ्यास असतो. तुझ्याही मुलांच्या हातात झाडू देऊ नकोस, प्रश्नावली दे.

आणि नमुना कसा निवडावा हे शिकायला माणसारखं दुसरं गाव नाही. एकीकडे गावठाण आणि वाड्या-वस्त्या, दुसरीकडे राजीव गांधी आयटी पार्कचा तिसरा टप्पा, उंच सोसायट्या, बांधकामावरच्या मजुरांची पत्र्याची घरं. शिवाजीनगरला जाणारी २३ किलोमीटरची मेट्रो मार्गिकाही इथूनच सुरू होते. मुलांनी नुसत्या मतदार यादीवरून घरं निवडली, तर भाडेकरू आणि परप्रांतातले मजूर सुटतील. कोण सुटलं आणि का, हे त्यांना स्वतः शोधू दे. पुस्तकातलं प्रकरण त्यांना तिथंच समजेल.

पण प्रश्न काय विचारायचे, हे तू एकटीनं ठरवू नकोस. मुळशीच्या शेतकऱ्यांनी १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या बरोबरीनं टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला. माणच्या जमिनी आपल्याच काळात एमआयडीसीकडे गेल्या. बाहेरून येऊन मोजणारी माणसं या मातीनं पुष्कळ पाहिली आहेत. तुझ्या मुलांच्या हातातला फॉर्म बघून कुणी दार लोटून घेतलं, तर रागावू नकोस. आधी सरपंचांना, आशाताईंना, अंगणवाडीच्या ताईंना, बचतगटातल्या बायकांना भेट. त्यांना कुठली माहिती हवी आहे ते विचार. टँकरवर कुणाचा किती खर्च होतो, कचरा कुठं साठतो, मजुरांची मुलं शाळेत जातात की नाही, यातलं जे ते सांगतील ते घे. सत्र जुलैत सुरू होतं, तेव्हा भातलावणीची घाई असते. त्या दिवसांत मुलांना दारोदार पाठवू नकोस. वर्गात प्रश्नावली पक्की करून घे.

गुण देताना किती तास भरले हे बघू नकोस. मुलगी काय शिकली, तिचा कुठला समज बदलला, आकड्यांतून तिनं काय ताडलं, ते तिच्या नोंदवहीत बघ. गावाला काय मिळालं तेही गुणांत धर. अहवाल मराठीत, दोनच पानांचा, कुठल्याही घराचं नाव न घेता लिहिलेला असू दे. तो २६ जानेवारीच्या ग्रामसभेत मुलांनीच वाचून दाखवावा. गावचा विकास आराखडा ग्रामसभेपुढेच येतो, त्यामुळे तुमचे आकडे तिथं खरोखर कामाला येऊ शकतात. कुणी चूक दाखवली, तर ती मुलांनी लिहून घ्यावी आणि दुरुस्त करून परत द्यावी.

शेवटचं आणि सगळ्यात महत्त्वाचं: पुढच्या वर्षी गाव बदलू नकोस. दरवर्षी नवं गाव घेतलं की अहवाल वाढतात, पण ओळख कुणाशीच होत नाही. तीन वर्षं माणलाच धरून राहा. नवी तुकडी जुन्या तुकडीच्या आकड्यांपासून सुरुवात करू दे. एवढं करायची तयारी असेल, तरच विभागप्रमुखांकडे प्रस्ताव दे.