बाथचे ऊन पाणी

इंग्लंडमध्ये लंडनच्या पश्चिमेस सुमारे दीडशे किलोमीटरांवर, एव्हन नदीच्या काठी बाथ नावाचे शहर आहे. बाथ म्हणजे स्नान, आणि हे नाव सार्थ आहे. येथील मुख्य झऱ्यातून दररोज सुमारे ११ लाख ७० हजार लिटर पाणी वर येते. हिशेब करून पाहा : दर सेकंदाला साडेतेरा लिटर, म्हणजे जवळजवळ एक बादली! या पाण्याचे तापमान सुमारे ४६° सें. असते, बाहेर हिवाळा असो की उन्हाळा.

पाणी तापते कोठे?

बाथच्या आसपास जागृत ज्वालामुखी नाही. मग ही उष्णता आली कोठून?

शास्त्रज्ञांच्या मते हे पावसाचेच पाणी आहे. जवळच्या मेंडिप टेकड्यांवर पडलेला पाऊस चुनखडकाच्या भेगांतून खाली मुरतो आणि सुमारे २,७०० ते ४,३०० मीटर खोल जातो. जमिनीत दर किलोमीटर खोलीला तापमान साधारणपणे २५° सें. ने वाढते. पृष्ठभागाचे तापमान १०° धरले, तर तीन किलोमीटर खोलीवर ते १० + ७५ = ८५° सें. होईल. टेकड्यांतील पाण्याची पातळी उंच असल्याने त्याचा दाब खालच्या पाण्यावर पडतो. इंग्रजी 'यू'च्या आकाराच्या नळीप्रमाणे ते दुसऱ्या बाजूने, खडकांतील तड्यांवाटे, वर चढते. वाटेत ते काहीसे निवते. आज वर येणारे पाणी हजारो वर्षांपूर्वीच्या पावसाचे असावे, असा अंदाज आहे.

रोमन लोकांचे स्नानगृह

इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोमन लोकांनी येथे देऊळ आणि स्नानगृहे बांधली. मोठ्या हौदाच्या तळाला त्यांनी शिशाचे पत्रे बसवले. ते आजही जागेवर आहेत! झऱ्याच्या देवतेला उद्देशून लिहिलेले शिसे-कथलाचे सुमारे १३० पातळ पत्रेही सापडले. कित्येकांवर तक्रार एकच : स्नान करताना कपडे चोरीस गेले, चोराला शिक्षा कर.

हौदातले पाणी आज हिरवे दिसते. झऱ्यातून मात्र ते हिरवे येत नाही. रोमन काळी हौदावर छप्पर होते. आता ते नाही, त्यामुळे ऊन पडते आणि उबदार पाण्यात शैवाल वाढते.

औषधी पाण्यात मृत्यू

हे पाणी रोग बरे करते, या समजुतीने शतकानुशतके लोक येथे येत. पण १९७८ मध्ये झऱ्याचे पाणी असलेल्या तलावात पोहलेली एक मुलगी मेंदूच्या तापाने दगावली. कारण होते नेग्लेरिया फाउलेरी नावाचा अमीबा. तो मातीत आणि उबदार पाण्यात राहतो. असे पाणी पोटात गेले तर हा रोग होत नाही. नाकात गेले, तर अमीबा मेंदूपर्यंत पोचू शकतो. तेथील स्नान बंद करण्यात आले.

खोल खडकातल्या तप्त पाण्यात दोष नव्हता. पृष्ठभागाजवळ येताना ते दूषित होत होते. म्हणून १९८३ मध्ये खोल विंधन घेऊन पाणी खालूनच उचलण्यात आले. २००६ मध्ये नवे स्नानगृह सुरू झाले. जुना रोमन हौद मात्र फक्त पाहायचा. त्यात उतरण्यास मनाई आहे.

आपल्याकडे वज्रेश्वरी, उन्हवरे, तुरळ येथे गरम पाण्याची कुंडे आहेत. तेथेही जवळपास जागृत ज्वालामुखी नाही. अशा ठिकाणी गेलात, तर डोके पाण्यात बुडवू नका आणि नाकात पाणी जाऊ देऊ नका.

सोडवून पाहा : एका कुंडाचे पाणी ६०° सें. आहे. पृष्ठभागाचे तापमान २७° आणि दर किलोमीटरला वाढ ३०° धरल्यास ते पाणी किमान किती खोल गेले असेल? आणि येथे 'किमान' हा शब्द का घातला असावा?

(उत्तर : १.१ कि. मी.; वर येताना पाणी निवते, म्हणून खाली ते ६०° पेक्षा अधिक तापलेले असणार.)