अपडेटनंतर सुरू न होणारा लिनक्स संगणक : दोषशोधनाचा क्रम

शाळेच्या दप्तराचा बराचसा भाग आता कपाटातून संगणकात गेला आहे. हजेरी, निकालपत्रके, पत्रव्यवहाराच्या नकला, मुलांच्या उपक्रमांची छायाचित्रे हे सारे तेथेच साठविले जाते. अशा काही संगणकांवर उबुंटूसारखी लिनक्स कार्यप्रणाली असते. ती विनामूल्य मिळते, जुन्या यंत्रांवरही बऱ्यापैकी चालते आणि नियमितपणे अद्ययावत होत राहते. या अद्ययावत होण्यालाच नित्याच्या बोलण्यात अपडेट म्हणतात. परंतु कधी कधी अपडेट पूर्ण होऊन संगणक पुन्हा सुरू करताच नेहमीचा पडदा दिसत नाही. काळ्या पडद्यावर इंग्रजी ओळी उमटतात व यंत्र तेथेच अडते.

अशा वेळी कोणीतरी हमखास सल्ला देतो, 'फॉरमॅट करून टाका.' फॉरमॅट करणे म्हणजे पाटी पुसून कोरी करणे होय. त्यात बिघाड जातो, आणि त्याबरोबर वर्षभराच्या नोंदीही जातात. वस्तुतः अपडेटनंतर संगणक अडतो तेव्हा बिघाड बहुधा यंत्र सुरू करून देणाऱ्या भागात असतो. शाळेची कागदपत्रे डिस्कवर जशीच्या तशी असतात. ती सुरक्षित ठेवून दोषाचे स्थान कसे शोधावे, हे सांगणे हा या पाठाचा हेतू आहे.

१. पद्धतीचे तत्त्व

भागाकार चुकणाऱ्या मुलाला कुशल शिक्षक पुन्हा पहिलीच्या वर्गात बसवीत नाही. पाढा चुकतो, वजाबाकी चुकते, की भागाकारात शून्य लिहावयाचे राहते, हे तो आधी पाहतो. गणित ज्या पायरीवर अडते त्या पायरीवरच उपाय योजतो. संगणकाच्या बाबतीतही हेच तत्त्व लागू पडते. यंत्र सुरू होणे ही एक क्रिया दिसत असली तरी ती अनेक पायऱ्यांची साखळी आहे. कोणती कडी तुटली हे समजले म्हणजे उपाय बहुधा लहान असतो.

२. संगणक सुरू होण्याच्या पायऱ्या

पहिली पायरी फर्मवेअरची. कळ दाबताच यंत्राच्या मुख्य पट्टीवरील हा कायमचा कार्यक्रम जागा होतो व कोणत्या डिस्कवरून प्रारंभ करावयाचा ते ठरवितो. जुन्या यंत्रांत यास बायोस म्हणतात, नव्या यंत्रांत यूईएफआय.

दुसरी पायरी ग्रबची. ग्रब हा कार्यप्रणाली उचलून आणणारा छोटा कार्यक्रम होय. कोणती प्रणाली, व तिची कोणती आवृत्ती सुरू करावयाची, याची यादी त्याच्यापाशी असते.

तिसरी पायरी कर्नेलची. कर्नेल हा प्रणालीचा गाभा. फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठात शिकत असताना लिनुस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली जो गाभा प्रसिद्ध केला, त्याचेच नाव लिनक्स.

चौथी पायरी इनिटरॅमएफएसची. खोलीला कुलूप आहे आणि किल्ली त्याच खोलीत राहिली आहे, अशी अडचण कर्नेलपुढे असू शकते. कारण डिस्क वाचण्यासाठी लागणारे साधन डिस्कवरच ठेवलेले असते. म्हणून आवश्यक साधनांची एक लहान थैली ग्रब आधीच कर्नेलसोबत स्मृतीत आणून ठेवतो. ही थैली म्हणजे इनिटरॅमएफएस. तिच्या साहाय्याने मुख्य डिस्क उघडली जाते.

पाचव्या पायरीवर सिस्टिमडी नावाचा व्यवस्थापक एकेक सेवा सुरू करतो, आणि शेवटी नाव व परवलीचा शब्द विचारणारा पडदा येतो.

३. अपडेटने बिघाड का होतो?

अपडेटमध्ये पुष्कळदा नवा कर्नेल येतो. त्याच्यासाठी इनिटरॅमएफएसची थैली त्याच संगणकावर नव्याने भरली जाते व ग्रबची यादी पुन्हा लिहिली जाते. हे काम चालू असता वीज गेली, तर थैली अर्धवट राहते. ज्या संगणकांत 'बूट' हा वेगळा लहान विभाग केलेला असतो, तेथे जुने कर्नेल साठून जागा संपते आणि नवी थैली मावत नाही. चित्रपटलाचे काही चालक कार्यक्रम नव्या कर्नेलशी जुळत नाहीत.

कधी दोष मूळ अपडेटमध्येच असतो. जानेवारी २०१८ मध्ये मेल्टडाउन नावाच्या सुरक्षादोषावर उपाय म्हणून उबुंटू १६.०४ साठी ४.४.०-१०८ हा कर्नेल आला. तो बसविल्यावर काही संगणक सुरूच होईनात. लगोलग १०९ क्रमांकाचा सुधारित कर्नेल द्यावा लागला. दोष तिसऱ्या पायरीवर असल्यामुळे जुना कर्नेल निवडून यंत्र चालविता येत होते.

जुलै २०२० मध्ये रेड हॅट व सेंटओएस या प्रणालींवर ग्रब व त्याच्या साहाय्यक कार्यक्रमाचे सुरक्षा-अपडेट आले आणि काही यंत्रे अडली. येथे दोष कर्नेलच्या आधीच्या पायरीवर होता. कर्नेलची यादीच पुढे येत नसल्याने जुना कर्नेल निवडण्याचा उपाय निरुपयोगी ठरला. बाहेरील माध्यमावरून यंत्र सुरू करून दुरुस्ती करावी लागली.

बाहेरून दोन्ही बिघाड सारखेच, 'अपडेटनंतर संगणक बंद'. परंतु पायरी वेगळी, म्हणून उपायही वेगळा. दोषाचे स्थान आधी का शोधावे, ते यावरून कळून येईल. तसेच, बिघाड हा संगणक हाताळणाऱ्या शिक्षकाचाच अपराध आहे असे समजण्याचे कारण नाही.

४. लक्षणांवरून स्थान ओळखणे

प्रथम पडद्यावरील शेवटच्या काही ओळींचे मोबाइलने छायाचित्र घ्यावे. पुढे तज्ज्ञाची मदत लागली तर याहून उपयोगी साधन नाही. नंतर खालीलप्रमाणे ताडून पाहावे.

(अ) दिवा लागत नाही किंवा यंत्र नुसतेच आवाज करते : दोष वीजपुरवठा, तारा किंवा स्मृतिपट्टी यांत शोधावा. लिनक्सचा संबंध नाही.

(आ) 'नो बूटेबल डिव्हाइस' : फर्मवेअरला डिस्क किंवा ग्रब सापडत नाही. यंत्रास लावलेला एखादा पेनड्राइव्ह काढून पुन्हा पाहावे.

(इ) 'ग्रब' किंवा 'ग्रब रेस्क्यू' एवढेच शब्द व पुढे रिकामी जागा : ग्रब जागा झाला आहे, परंतु त्याला आपली यादी सापडत नाही.

(ई) 'कर्नेल पॅनिक' व 'अनेबल टू माउंट रूट' : कर्नेल आला, परंतु मुख्य डिस्क उघडता आली नाही. अपडेटनंतरचे हे लक्षण बहुधा थैली अर्धवट अगर गहाळ असल्याचे दर्शविते.

(उ) कंसात 'इनिटरॅमएफएस' हा शब्द येऊन यंत्र थांबते : मुख्य डिस्क सापडत नाही किंवा तिच्यावरील रचना बिघडली आहे. अचानक वीज गेल्यावर हे घडू शकते.

(ऊ) 'इमर्जन्सी मोड' : पाचव्या पायरीवर अडथळा आहे, यादीत नोंदलेली एखादी डिस्क मिळाली नाही.

(ए) बोधचिन्ह दिसून मग पडदा काळा : चित्रपटलाच्या चालक कार्यक्रमाचा संशय घ्यावा.

(ऐ) परवलीचा शब्द बरोबर देऊनही तोच पडदा पुन्हा येतो : डिस्क पूर्ण भरलेली असण्याचा संभव आहे.

५. उपायांचा क्रम

उपाय सौम्य ते कठोर या क्रमाने करावेत आणि एका वेळी एकच करावा. दोन बदल एकदम केल्यास कोणत्याने गुण आला हे कळत नाही.

पहिला उपाय, जुना कर्नेल. उबुंटू अपडेटच्या वेळी पूर्वीचा कर्नेल सहसा काढून टाकीत नाही. तो अशाच प्रसंगासाठी राखलेला असतो. संगणक पुन्हा सुरू करून, यूईएफआय असल्यास एस्केप कळ एकदोनदा दाबावी. जुना बायोस असल्यास शिफ्ट कळ दाबून धरावी. ग्रबची यादी येईल. तीतील 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स' ही ओळ निवडून, सर्वांत मोठ्या क्रमांकाच्या खालचा कर्नेल घ्यावा. संगणक सुरू झाला तर दोष नव्या कर्नेलपुरता अगर त्याच्या थैलीपुरता आहे, हे निश्चित झाले. सर्वप्रथम शाळेच्या फाइलींची पेनड्राइव्हवर प्रत काढावी, दुरुस्ती त्यानंतर.

दुरुस्तीसाठी टर्मिनल उघडून काही आज्ञा द्याव्या लागतात. त्या रोमन लिपीतील लहान अक्षरांत टंकित करावयाच्या असतात. येथे त्यांचा केवळ उच्चार दिला आहे. 'डीएफ', जागा सोडून 'हायफन एच', ही आज्ञा कोणता विभाग किती भरला ते दाखविते. 'बूट' विभाग भरलेला असल्यास 'सुडो एपीटी ऑटोरिमूव्ह' ही आज्ञा अनावश्यक झालेले कर्नेल काढते. काय काढले जाणार याची यादी वाचून मगच होकार द्यावा. अर्धवट राहिलेली स्थापना 'सुडो डीपीकेजी', मग जागा, दोन हायफनसह 'कॉन्फिगर', पुन्हा जागा व 'हायफन ए' या आज्ञेने पुरी होते. शेवटी 'सुडो अपडेट-ग्रब' देऊन यंत्र पुन्हा सुरू करावे.

दुसरा उपाय, रिकव्हरी मोड. जुना कर्नेलही शेवटपर्यंत जात नसेल, तर त्याच यादीतील 'रिकव्हरी मोड' निवडावा. तेथील 'एफएससीके' हा पर्याय डिस्कवरील रचना तपासतो, 'क्लीन' जागा मोकळी करण्याचा प्रयत्न करतो आणि 'डीपीकेजी' अर्धवट कार्यक्रम दुरुस्त करतो. येथे आज्ञा टंकित कराव्या लागत नाहीत.

तिसरा उपाय, पेनड्राइव्हवरून प्रारंभ. ग्रबची यादीच येत नसेल, तर उबुंटूचा स्थापना-पेनड्राइव्ह लावून त्यावरून यंत्र सुरू करावे व 'ट्राय उबुंटू' हा पर्याय घ्यावा. मग सर्व कारभार पेनड्राइव्हवरून चालतो. आतील डिस्क उघडून फाइलींची प्रत दुसऱ्या पेनड्राइव्हवर घ्यावी. 'इरेज डिस्क' असे लिहिलेल्या पर्यायास हात लावू नये. तो सर्व पुसतो. प्रत हाती आल्यावर ग्रबची दुरुस्ती जाणकाराकडून करून घ्यावी. तेव्हा नाइलाजाने फॉरमॅट करावे लागले, तरी शाळेचे काही बुडत नाही.

६. पूर्वदक्षता

निकालाच्या किंवा माहिती पाठविण्याच्या आदल्या दिवशी अपडेट करू नये. त्यापूर्वी महत्त्वाच्या फाइलींची प्रत संगणकाबाहेर ठेवावी. लॅपटॉप असल्यास पूर्ण भारित करावा. मेजावरील संगणक शक्यतो यूपीएसवर असावा, कारण खेड्यात वीज कधी जाईल हे सांगता येत नाही. अपडेट चालू असता कंटाळून कळ बंद करू नये. संगणकाजवळ एक वही ठेवून अपडेटचा दिनांक, दिसलेला संदेश व केलेला उपाय यांची नोंद करावी. शिक्षकाची बदली झाली तरी वही शाळेतच राहते आणि पुढच्याला उपयोगी पडते.

७. स्वाध्याय

शिक्षकांनी पुढील प्रश्नांची उत्तरे केंद्रातील सहकाऱ्यांसह चर्चा करून लिहावीत.

१. 'कर्नेल पॅनिक' आणि 'ग्रब रेस्क्यू' यांपैकी कोणत्या प्रसंगी जुना कर्नेल निवडणे शक्य आहे? का?
२. दुरुस्तीपूर्वी प्रत काढणे आवश्यक का?
३. शाळेचा संगणक चालू स्थितीत असताना ग्रबची यादी उघडून पाहावी व तीत किती कर्नेल आहेत ते वहीत नोंदवावे.

तिसरा स्वाध्याय संगणक नीट चालत असतानाच करावयाचा आहे. ज्याने यादी एकदा शांतपणे पाहिली आहे, तो काळ्या पडद्यापुढे गोंधळत नाही.