काटा शून्यावर का?

तात्यांची जीप सगळ्या गावाला ठाऊक. बाजाराच्या दिवशी भाजीच्या पाट्या तिच्यातून जातात. अडल्यानडल्या वेळी बाळंतिणीला तालुक्याच्या दवाखान्यात तीच नेते. या एका गाडीवर तात्यांच्या घरची चूल पेटते.

मागच्या पावसाळ्यात तात्यांचा मुलगा जीप घेऊन बाजाराला निघाला. गाडीत तेलाच्या दाबाचे मीटर असते. वाटेत त्याचा काटा खाली आला. मुलाने तो पाहिला. पण त्याला वाटले, "जुनी गाडी, जुनं मीटर. बिघडलं असेल." तो तसाच पुढे गेला. घाटात इंजिनातून ठकठक आवाज येऊ लागला. थोड्याच वेळात इंजिन जाम झाले.

मीटर खरे बोलत होते. इंजिनातले तेल गळून गेले होते.

ते इंजिन दुरुस्तीच्या पलीकडे गेले. तात्यांनी कर्ज काढले. आरटीओ कार्यालयाची परवानगी घेतली. मग दुसरे इंजिन आणून बसवले. त्याचा नंबर नोंदणीच्या पुस्तकात चढवून घेतला. सारे रीतसर झाले.

मिस्त्रींनी इंजिन सुरू केले. आवाज छान, एकसारखा. सगळ्यांना बरे वाटले. तेवढ्यात तात्यांची नजर मीटरवर गेली. काटा शून्यावर!

मुलगा म्हणाला, "तात्या, या खेपेला मीटरच खोटं आहे. इंजिन तर आत्ताच बसवलंय."

तात्या म्हणाले, "मागच्या खेपेलाही तू हेच म्हणाला होतास."

मिस्त्रींनी काही न बोलता इंजिन बंद केले. मग ते म्हणाले, "काटा खरा की खोटा, हे बोलून ठरत नाही. तपासून ठरतं. आणि तपासेपर्यंत काटा खरा मानायचा."

तेलाचा दाब कशाला हवा?

विहिरीवरचा पंप पाणी उचलतो. ते पाणी पाटाने शेवटच्या वाफ्यापर्यंत जाते. जोर कमी पडला तर शेवटचा वाफा कोरडा राहतो.

इंजिनातही तसेच आहे. खाली चेंबरमध्ये तेल साठलेले असते. तेलाचा पंप ते उचलतो, फिल्टरमधून गाळून पुढे ढकलतो. बारीक वाटांनी ते क्रँकच्या बेअरिंगपर्यंत पोचते. तिथे तेलाचा पातळ थर तयार होतो. त्या थरामुळे लोखंडाला लोखंड घासत नाही. दाब गेला की थर जातो. मग धातू घासतो, तापतो, आणि काही मिनिटांत इंजिन जाम होते.

म्हणून काटा शून्यावर दिसला की आधी इंजिन बंद करावे. मग कारण शोधावे.

मिस्त्रींनी काय तपासले?

पहिले काम तेल मोजण्याचे. मिस्त्रींनी तेलाची पट्टी काढली, पुसली, परत आत घालून पाहिली. तेल दोन खुणांच्या मध्ये होते. त्यांनी तेलाचा वासही घेतला. तेलात डिझेल मिसळले तर तेल पातळ होते, पट्टीवर वर चढलेले दिसते, पण दाब कमी पडतो. इथे तसे नव्हते.

दुसरे काम मीटर आणि वायर तपासण्याचे. इंजिनाला पितळेचा एक छोटा भाग आटे फिरवून बसवलेला असतो. त्याला सेंडर म्हणतात. तेलाचा दाब त्याला कळतो आणि तो वायरमधून मीटरला कळवतो. मिस्त्रींनी इंजिन बंदच ठेवले, फक्त चावी फिरवली. सेंडरची वायर काढली. काटा शून्यावर आला. मग वायरचे टोक इंजिनाच्या उघड्या लोखंडाला क्षणभर टेकवले. काटा झरकन दुसऱ्या टोकाला गेला. काही मीटरांत ही टोके उलटी असतात. पण काटा या टोकाकडून त्या टोकाला गेला, म्हणजे मीटर चांगले, वायरही चांगली.

तिसरे काम तेल वर येते का ते पाहण्याचे. मिस्त्रींनी सेंडर काढला. डिझेल बंद ठेवून सेल्फ मारला. त्या भोकातून तेल उसळून आले. म्हणजे पंप तेल ओढत होता.

"पण तेल आलं म्हणजे दाब पुरेसा आहे असं नाही," मिस्त्री म्हणाले. "तो मोजायला हवा."

म्हणून चौथे काम. त्यांनी आपल्या पेटीतून दुसरे मीटर काढले. त्याला विजेची वायर नसते. तेल नळीतून थेट मीटरमध्येच येते. ते त्या भोकावर बसवून त्यांनी इंजिन सुरू केले.

तात्या गेल्या हिवाळ्यात रात्रीच्या वर्गात अंक शिकले होते. ते वाकून वाचू लागले. "पन्नास!" ते म्हणाले. इंजिन गरम झाल्यावर, सावकाश चालताना काटा 20 वर आला. वेग वाढवला तसा तो 45 वर चढला. गार तेल घट्ट असते म्हणून दाब जास्त, गरम तेल पातळ म्हणून दाब कमी. इंजिनाच्या पुस्तकातल्या आकड्यांशी हे जुळले. तेलाचा दाब ठीक होता.

मग गाडीतला काटा शून्यावर का?

मुलगा आठवून म्हणाला, "मिस्त्री, एक चमत्कारिक गोष्ट. चावी फिरवली तेव्हा काटा पार टोकाला गेला होता. इंजिन सुरू झालं आणि तो शून्यावर आला."

"हे आधी का नाही सांगितलंस?" मिस्त्री हसले. "सारं कोडं सुटलं."

कोडे काय होते?

या दुसऱ्या इंजिनावर सेंडर नव्हताच. त्याच्यासारखाच दिसणारा दिव्याचा स्विच होता. काही गाड्यांत काट्याऐवजी लाल दिवा असतो. दाब नसला की स्विच जोडला जातो आणि दिवा लागतो. दाब आला की स्विच सुटतो आणि दिवा विझतो. स्विचला "आहे" आणि "नाही" एवढेच कळते. किती, ते कळत नाही. त्याला काट्याचे मीटर जोडले, म्हणून काटा उलटा वागला. दाब नसताना टोकाला गेला, दाब आल्यावर शून्यावर पडला.

मिस्त्रींनी जुन्या इंजिनाचा सेंडर आणला. तो या मीटरच्या जोडीचा होता. पण त्याचे आटे या भोकात बसेनात. मुलगा जोर लावू लागला. मिस्त्रींनी त्याचा हात धरला. "जोर लावलास तर इंजिनाचे आटे जातील." त्यांनी मध्ये बसणारा जोडतुकडा आणून लावला.

मुलाने आट्यांवर पांढरी टेप गुंडाळायला घेतली. मिस्त्रींनी तीही थांबवली. या सेंडरला अर्थ इंजिनाच्या लोखंडातूनच मिळते. टेप जास्त झाली तर अर्थ तुटते आणि काटा पुन्हा खोटे बोलतो. इंजिन रबरावर बसलेले असते, म्हणून इंजिन आणि चासी यांना जोडणारी अर्थची पट्टीही त्यांनी घासून, घट्ट करून घेतली.

इंजिन सुरू झाले. गाडीतला काटा 50 वर गेला.

मुलगा म्हणाला, "म्हणजे काटा खोटाच होता. मी बरोबर बोललो होतो."

मिस्त्री म्हणाले, "तू अंदाज केलास. मागच्या खेपेला अंदाज चुकला आणि इंजिन गेलं. या खेपेला जुळला. दर खेपेला नशीब साथ देईल का? आणि खोटा काटा तसाच ठेवला असता, तर उद्या खरंच तेल गेल्यावर तुला कोण सांगणार होतं? राखणीच्या कुत्र्याचं तोंड बांधून निजण्यासारखंच ते."

मुलगा गप्प राहिला. पण त्या दिवसापासून गाडी सुरू केली की त्याची नजर आधी काट्यावर जाते.

ध्यानात ठेवा

1. काटा शून्यावर आला की इंजिन ताबडतोब बंद करा.
2. पट्टी काढून तेल पाहा. थेट मीटर लावून दाब मोजल्याशिवाय गाडी चालवू नका.
3. मीटर आणि सेंडर एकमेकांच्या जोडीचे हवेत.
4. मीटरवर पौंड लिहिले आहे की किलो, ते वाचा. 1 किलो म्हणजे सुमारे 14 पौंड. किलोच्या मीटरवर 2 दिसले तर घाबरू नका. ते 28 पौंड आहेत.
5. थेट मीटरवरही दाब कमी दिसला, तर दोष इंजिनात आहे. चेंबरची चाळणी, तेलाचा पंप, बेअरिंग हे मिस्त्रीकडून तपासून घ्या.

प्रश्न

1. पहिले इंजिन का जाम झाले?
2. तेल उसळून आल्यावरही मिस्त्रींनी दाब का मोजला?
3. सेंडर आणि दिव्याचा स्विच यांत फरक काय?
4. तुमच्या गावातल्या एखाद्या ट्रॅक्टरचे किंवा जीपचे मीटर पाहा. त्यावरचे आकडे वहीत लिहा.