नुसत्या हातांनी

प्रश्न : हाँगकाँगच्या एका चित्रपटात ‘छेक साऊ हुंग क्युन’ हा कॅन्टोनीज वाक्प्रचार ऐकला. त्यासाठी मराठीत ‘वाघाच्या जबड्यात हात घालणे’ चालेल का? (एक वाचक, अकोला)

उत्तर : चालणार नाही. मूळ शब्दांचा अर्थ ‘उघडे हात, रिकाम्या मुठी’ असा आहे. समोर संकट आहे आणि हाती शस्त्र नाही, हा त्याचा गाभा. ‘वाघाच्या जबड्यात हात घालणे’ यात भर धोक्यावर आहे. कमरेला तलवार असलेला माणूसही ते करू शकतो. ‘तळहातावर शिर घेणे’ मरणाची तयारी सांगते, शस्त्राबद्दल काहीच सांगत नाही.

वाघाशी नुसत्या हातांनी झुंजणारा चिनी परंपरेतही आहे, पण तिथे त्याचे कौतुक नाही. असा अविचारी सोबती आपल्याला नको, असे कन्फ्यूशियसने म्हटले आहे. वाघांचे रान असलेल्या मेळघाटच्या वाटा तुडवणाऱ्या आपल्या माणसांना हे लगेच पटेल!

मराठीत ‘नुसत्या हातांनी’ किंवा ‘निःशस्त्र’ म्हणा. वाक्य तुमच्याच जिल्ह्यातले घ्या : ‘१९३० साली दहीहांड्याचे सत्याग्रही खाऱ्या विहिरींच्या पाण्याचे मीठ करून इंग्रज सरकारपुढे नुसत्या हातांनी उभे राहिले.’ इथे हा वाक्प्रचार नेमका बसतो.