‘फायनल’ नावाची फाईल

‘भामरागडचा संपर्क तुटला’ ही बातमी आमच्या गडचिरोलीत दर पावसाळ्यात येते. पर्लकोटा नदीचं पाणी पुलावर चढलं की पलीकडचं गाव वेगळं पडतं. एका वर्षी मात्र पूल बुडायच्या आदल्या रात्रीच तिथल्या एका कार्यालयाचा संपर्क मी तोडला होता.

तालुक्यांचे सर्व्हर मी गडचिरोलीत बसून सांभाळायचो. भामरागडच्या मशीनवर गेटवेचा पत्ता बदलायचा होता. आधी दोनदा अर्धवट प्रयत्न करून सोडले, तिसऱ्यांदा नीट लिहिलं, नेटवर्कची सेटिंग लागू करणारी ‘नेटप्लॅन अप्लाय’ ही आज्ञा दिली आणि पडदा गोठला.

सकाळी तिथल्या ऑपरेटरला फोन लागला. म्हटलं, नेटवर्कच्या सेटिंगची फाईल उघडून वाच.

“सर, इथं तर तीन फायली दिसून राहिल्या. फायनल, न्यू, न्यू-टू. कोणती उघडू?”

तिन्ही माझ्याच. कोणत्या फाईलमध्ये काय लिहिलं होतं ते मलाच आठवेना, आणि आत टिपणाची एक ओळ नव्हती. तेवढ्यात फोनही गेला. चौथ्या दिवशी पाणी उतरल्यावर आलापल्लीमार्गे पोचलो, तेव्हा चूक दिसली. नेटप्लॅन आपल्या सेटिंगच्या फोल्डरमधल्या सगळ्या यामल फायली नावाच्या क्रमाने वाचतो आणि तिथल्या सेटिंगमध्ये गेटवे दोनदा आला तर नंतरचा धरत होता. इंग्रजी अक्षरक्रमात ‘फायनल’ आधी येते, ‘न्यू’च्या दोन्ही नंतर. शेवटच्या फाईलमध्ये एक आकडा चुकलेला पत्ता पडून होता. दोन मिनिटांचं काम, त्यासाठी चार दिवस गेले.

तेव्हापासून काही गोष्टी पाळतो. जुन्या फाईलची नक्कल तारीख घालून वेगळ्या फोल्डरात ठेवतो. दूरच्या मशीनवर ‘अप्लाय’ऐवजी ‘नेटप्लॅन ट्राय’ देतो: 120 सेकंदांत एंटर दाबलं नाही, तर जुनी सेटिंग आपोआप परत येते. कुणाला कोणते अधिकार ते ठरवणारी सुडोची फाईल व्हिसुडोनेच उघडतो, कारण तो जतन करण्याआधी व्याकरण तपासतो. व्याकरणात बसणारा चुकीचा आकडा मात्र असली तपासणी पकडत नाही, म्हणून प्रत्येक बदलाच्या वर तारीख आणि कारण लिहितो.

सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनाही एक विनंती. नुसतं ‘30’ लिहायला लावू नका. सेकंद की मिनिटं, ते तिथेच कळू द्या. पोस्टग्रेस डेटाबेसच्या सेटिंगमध्ये आकड्यापुढे एकक लिहिता येतं, तसं. चूक दाखवताना ओळीचा क्रमांक द्या. आणि हाताने बदलायची फाईल जेसन स्वरूपात देऊ नका, त्यात टिपण लिहायची सोयच नाही.

फाईल लिहून झाली की ती फोनवर कुणाला तरी वाचायला लावा. ऐकून तुम्हाला कळली नाही, तर पावसाळ्याआधी दुरुस्त करा.